पुढचे महायुद्ध पाण्यासाठी होणार, या दाव्याचा प्रतिवाद

‘पुढचे महायुद्ध पाण्यासाठी होईल’ हे वाक्य दोन देशांतील नदीतंट्याची बातमी आली की हमखास फिरू लागते. त्याचे मूळ जागतिक बँकेचे तत्कालीन उपाध्यक्ष इस्माईल सेराजेल्दिन यांनी १९९५ मध्ये केलेल्या भाकितात आहे. या दाव्याला दिले जाणारे आधार मात्र फारसे टिकत नाहीत.

पहिला आधार इतिहासाचा. देश पाण्यासाठी पूर्वापार लढत आले आहेत, असे सांगितले जाते. पण केवळ पाण्यावरून पेटलेले युद्ध शोधताना भूगोलज्ञ आरॉन वुल्फ यांना सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मेसोपोटेमियातील लगाश आणि उम्मा या नगरराज्यांपर्यंत मागे जावे लागले. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात १९६० च्या दशकात पाणी वळवण्याच्या कामांवर गोळीबार झाला, हे नाकारता येत नाही. तरीही त्याच खोऱ्यात इस्रायल आणि जॉर्डन यांचे अधिकारी, दोन्ही देश औपचारिकरीत्या युद्धस्थितीत असताना, पाणीवाटपावर गुप्तपणे बोलत राहिले आणि १९९४ च्या शांतता करारात पाण्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

दुसरा आधार असा की, उगमाकडील देश हवे तेव्हा पाणी बंद करू शकतो. नील नदीच्या ‘ब्लू नाईल’ या उपनदीवरील इथिओपियाच्या धरणाची साठवण सुमारे ७४ अब्ज घनमीटर आहे. परंतु ते वीजनिर्मितीसाठी बांधलेले आहे आणि वीज हवी असेल तर पाणी टर्बाइनमधून खाली सोडावेच लागते. खरा धोका विसर्गाच्या वेळेचा आहे. सलग दुष्काळी वर्षांत किती पाणी सोडायचे, याचा बंधनकारक करार नसल्यामुळेच प्रवाहाच्या खालच्या बाजूला असलेल्या इजिप्तची चिंता रास्त ठरते.

तिसरे म्हणणे, करार म्हणजे कागदाचे तुकडे. १९६० चा सिंधू जलकरार १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतून टिकला. २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित केला, तो पहलगाममधील दहशतवादी हल्ल्यानंतर. धरणावरून वा टंचाईवरून नव्हे. मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आधीच पेटलेल्या वैरात पाणी ओढले जाते, वैराची सुरुवात त्यातून क्वचितच होते. ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधील काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले आणि हजारो घरे पाण्याखाली गेली; ते युद्ध धरण असलेल्या नीपर नदीच्या पाण्यासाठी सुरू झालेले नव्हते.

त्यामुळे सुरक्षेची काळजी असणाऱ्यांनी महायुद्धाच्या भाकितापेक्षा करारांच्या मुदती, प्रवाहाच्या नोंदींची देवाणघेवाण आणि लवादाची यंत्रणा यांकडे लक्ष द्यावे. फराक्का येथे जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत गंगेचे पाणी भारत आणि बांगलादेश यांच्यात वाटून देणारा १९९६ चा करार ३० वर्षांचा आहे, म्हणजे त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे.