जबरदस्तीचं औषध आणि खटला : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली आणि खाली चार ओळी खरडून मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आरोपीला मानसिक आजारामुळे आपल्यावर काय खटला चाललाय हेच कळत नसेल, तर उपचार देऊन, आणि अगदीच वेळ आली तर कोर्टाच्या हुकमाने त्याच्या मर्जीविरुद्धही औषध देऊन त्याला खटल्याला उभं करणं चूक नाही. तुमचं म्हणणं, हे म्हणजे कापायच्या आधी बोकडाला खाऊपिऊ घालणं झालं, डॉक्टरने सरकारी वकिलाची कामं करू नयेत, आणि आजारी असला तरी माणसाला औषध नको म्हणायचा हक्क आहे. शिवाय तुमच्या ओळखीतला एक मुलगा वर्षभर कच्चा कैदी म्हणून आत आहे, त्याच्या गोळ्या बंद पडल्यात, त्याचं काय करायचं हे विचारलंय. त्यावर शेवटी येते.

आधी बोकड. तुमचा संताप जिथे शंभर टक्के लागू होतो अशी केस आहे, अमेरिकेत आर्कान्सासमधल्या चार्ल्स सिंगलटनची. त्याला मृत्युदंडाची शिक्षा आधीच झालेली होती, आजार तुरुंगात बळावला, आणि भ्रमात असलेल्या माणसाला मृत्युदंड देता येत नाही म्हणून औषध चालू ठेवायचं की नाही हा प्रश्न कोर्टात गेला, 2003 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ठेवा म्हटलं आणि जानेवारी 2004 मध्ये त्याला मारलं. याला उपचार म्हणायला माझी जीभ रेटत नाही, इथे मी तुमच्या बाजूने आहे आणि राहणार. पण मी ज्याबद्दल लिहिलं ते निकालाच्या आधीचं आहे, जेव्हा माणूस कायद्याने निर्दोष आहे आणि त्याला स्वतःच्या वकिलाशी बोलता येईल की नाही एवढाच मुद्दा आहे.

त्यासाठीचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल म्हणजे 2003 चा सेल खटला. चार्ल्स सेल हा अमेरिकेतल्याच मिसूरी राज्यातला डेंटिस्ट. 1982 मध्ये तो डॉक्टरांना सांगत होता की फिलिंगसाठी वापरायचं सोनं कम्युनिस्टांनी दूषित केलंय, 1984 मध्ये त्याने पोलिसांना फोन करून सांगितलं की बाहेर बिबट्या बसमध्ये चढतोय. पुढे 1997 मध्ये खोटी बिलं लावून विम्याचे पैसे लाटल्याचा आरोप झाला, नंतर खुनाच्या प्रयत्नाचाही. स्प्रिंगफील्डच्या तुरुंग-हॉस्पिटलात ठेवलं, डॉक्टर म्हणाले औषध घे, तो म्हणाला नाही घेणार. आता बघा, तिथल्या सुप्रीम कोर्टाने काय केलं. 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की जबरदस्ती करता येईल, पण सरकारने आधी चार गोष्टी पटवून द्यायच्या: गुन्हा गंभीर आहे आणि खटला चालणं खरंच गरजेचं आहे, औषधाने माणूस सक्षम, म्हणजे खटला कळण्याइतका बरा, होण्याची दाट शक्यता आहे आणि साइड इफेक्टमुळे त्याच्या बचावात अडथळा येणार नाही, यापेक्षा सौम्य दुसरा मार्ग उरलेला नाही, आणि हे औषध त्याच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही योग्य आहे. अशा केसेस क्वचितच असतील असंही न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहून ठेवलंय, आणि सेलच्या बाबतीत खालच्या कोर्टाचा जबरदस्तीचा हुकूम रद्दच केला. म्हणजे डॉक्टर सरकारी वकील होऊ नये ही तुमची जी काळजी आहे, तीच त्या चौथ्या अटीत बसवलेली आहे. मी कोर्टाचा हुकूम म्हणते तो हा, जेलरचा किंवा वॉर्डातल्या डॉक्टरचा नाही.

साइड इफेक्टचा मुद्दा मात्र मला इथे जरा थांबून बोलायचाय कारण तुम्ही 'गोळ्यांनी माणसाचा दगड होतो' असं लिहिलंय आणि मी ते घरात बघितलंय. माझ्या चुलतभावाला सुरुवातीला हॅलोपेरिडॉल हे भ्रम-भासांवरचं औषध होतं. आवाज यायचे थांबले, पण पाय थांबेनात. खुर्चीत बसला की दोन मिनिटांत उठायचा, येरझाऱ्या घालायचा, परत बसायचा, कपात चहा अर्धाच ओतावा लागायचा कारण हात थरथरायचा, आणि चेहरा असा सपाट की काकू रडत असली तरी त्याच्या तोंडावरची रेष हलायची नाही. पॅसिटेन ही साइड इफेक्टवरची गोळी दिल्यावर थरथर कमी झाली, पुढे डॉक्टरांनी औषधच बदललं तेव्हा कुठे तो पुन्हा आमच्यात बसून जेवायला लागला. आता हाच माणूस पहिल्या औषधावर असताना आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे असं समजा. बघणाऱ्याला काय वाटेल? काही पश्चात्ताप नाही, कसा निर्ढावलाय बघा, नाहीतर अस्वस्थ आहे म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या डेव्हिड रिगिन्सचं हेच झालं, खटला चालू असताना त्याला थायोरिडाझिन हे तशाच प्रकारचं औषध रोज 800 मिलिग्रॅम चालू होतं, म्हणजे प्रचंड डोस. गुन्ह्याच्या वेळी मी भानावर नव्हतो हाच त्याचा बचाव होता, म्हणून औषध थांबवा, ज्युरीला मी कसा आहे ते दिसू दे असं तो म्हणत होता. कोर्टाने ऐकलं नाही आणि मृत्युदंड सुनावला गेला. 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. त्यामुळे कुठलं औषध, किती डोस, आणि खटल्याच्या दिवशी माणूस जागा आहे का, याची नोंद न्यायाधीशासमोर यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

पण एका ठिकाणी मला तुमचं पटत नाही. औषध नको म्हणायचा हक्क दिला की माणूस मोकळा झाला असं तुम्ही धरून चालताय. तो मोकळा होत नाही हो! तो आतच राहतो, फक्त खटल्याशिवाय. सेलचंच बघा, जबरदस्तीविरुद्ध जिंकला, पण 2005 मध्ये तडजोडीत प्रकरण मिटेपर्यंत बरीच वर्षं खटल्याविना कोठडीत गेली. आणि अमेरिकेत आज मोठा घोळ जबरदस्तीचा नाहीच आहे, बहुतेक आरोपी समजावलं की औषध घेतात आणि काही महिन्यांत सक्षमही होतात, घोळ आहे तो बेड नसण्याचा. वॉशिंग्टन राज्यात हॉस्पिटलमध्ये जागा नाही म्हणून आजारी माणसं आठवडेच्या आठवडे साध्या जेलमध्ये पडून राहायची, 2015 मध्ये ट्रूब्लड खटल्यात फेडरल कोर्टाने सात दिवसांची मुदत घातली, राज्याला ती पाळता येईना, 2023 मध्ये 10 कोटी डॉलरच्या वर दंड बसला. सात दिवस! आपल्याकडे अशी मुदत कुणी मागितली तर हसतील लोक.

आपल्याकडचं उदाहरण माचांग लालुंगचं. आसाममधला आदिवासी माणूस, 1951 मध्ये पकडला, खटल्याआधी तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला. 1967 मध्ये हॉस्पिटलने कळवलं की हा आता ठीक आहे. म्हणजे बोकडाला खाऊ घालून झालं होतं म्हणा तुमच्या भाषेत, पण त्याला न्यायलाच कुणी आलं नाही. 2005 मध्ये एक रुपयाच्या बाँडवर सुटला, 54 वर्षांनी. हे आठवलं की मला औषधाच्या वादापेक्षा तारखेचा वाद मोठा वाटतो. अमेरिकेत 1972 च्या जॅक्सन निकालाने निदान एवढं ठरवलं की सक्षम होण्याची शक्यताच नसेल तर माणसाला त्या नावाखाली अनंतकाळ डांबता येणार नाही. तो जॅक्सन मूकबधिर होता, लिहिता-वाचता येत नव्हतं, आरोप काय तर एकूण 9 डॉलरच्या चोऱ्या. त्याला कुठली गोळी देणार होते? आपल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्यात, खटला पुढे ढकला, उपचाराला पाठवा, जामिनाचा विचार करा हे सगळं आहे, पण औषध नाकारणाऱ्या आरोपीसाठी सेलसारख्या अटी नाहीत, आणि मला त्या लेखी हव्यात.

आता तुमच्या ओळखीतला मुलगा. वर्षभर थांबलात तेवढं पुरे, आणखी तारखेची वाट बघू नका. त्याचे जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, शेवटची चिठ्ठी, सगळ्याच्या झेरॉक्स काढून एक संच जेलच्या मेडिकल ऑफिसरकडे पोच घेऊन द्या आणि एक वकिलाकडे. वकील नसेल किंवा परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकिलाला संहितेच्या कलम 367-368 खाली मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणीचा अर्ज करायला सांगा. गुन्ह्याच्या वेळी तो भानावर होता का आणि आज त्याला खटला कळतोय का, हे दोन्ही प्रश्न अर्जात वेगळे ठेवा, कारण कोर्टातसुद्धा लोक त्याचा खिचडा करतात. आणि कलम 369 खाली जामिनाची वेळ आली तर तो बाहेर नियमित उपचार घेईल आणि त्याच्याकडून कुणाला इजा होणार नाही याची हमी घरच्या कुणाला तरी द्यावी लागेल, तेव्हा ती कोण देणार आणि महिन्याच्या महिन्याला त्याला ओपीडीत कोण नेणार हे आताच बसून ठरवा. कागद जमले की कळवा, अर्जाचा मसुदा बघायला मला नक्की आवडेल.