विकलो वे राहून गेली

आयर्लंडमधील पायी भटकंतीवरच्या लेखात केरी परगण्यातील कॅरनटूहिल शिखर आणि क्लेअर परगण्यातील मोहरचे कडे यांचे वर्णन उत्तम झाले आहे. मात्र आयर्लंडमधील पहिली दिशाचिन्हांकित दीर्घ पायवाट असलेल्या ‘विकलो वे’चा उल्लेख राहून गेला, हे खटकले. भटकंतीविषयी लिहिणारे जे. बी. मलोन यांच्या पाठपुराव्यामुळे १९८०च्या दशकाच्या आरंभी साकारलेली ही सुमारे १३० किलोमीटरची वाट डब्लिनच्या मार्ले पार्कमधून निघून कार्लो परगण्यातील क्लोनेगल गावी संपते. सगळी चालण्याइतकी सवड नसेल, तर याच वाटेवरील ग्लेन्डालोख या दरीतल्या दोन तळ्यांचा परिसर पुरेसा आहे. सहाव्या शतकात संत केविन यांनी स्थापलेल्या मठाचा सुमारे ३० मीटर उंच गोल मनोरा तेथे आजही उभा आहे, आणि वरच्या तळ्यालगतच्या स्पिंक कड्यावर रेल्वेचे जुने स्लीपर टाकून फळ्यांची वाट केली आहे, कारण पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) दलदलीची जमीन पावलांखाली फार लवकर झिजते. (ही वाट सोयीची आहे, पण गर्दीही तिथेच होते.)

आयर्लंडमधील अनेक पायवाटा खासगी शेतजमिनींतून, मालकांच्या संमतीने जातात. त्यामुळे मेंढ्यांच्या कुरणांतील फाटके पुन्हा लावून घेणे आणि जेथे मनाई असेल तेथे कुत्रा न नेणे, ही माहिती लेखात असायला हवी होती.