मेथीचे मोड, एक फाज आणि जुलाबावरची गोळी

जुलाब लागले की मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणायची, दोन गोळ्या घ्यायच्या, पोट थांबलं की उरलेल्या डब्यात ठेवून द्यायच्या. ही सवय घरोघरी आहे आणि ती मोडायलाच हवी. पण "रेझिस्टन्स वाढतो", म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, एवढ्यावर कुणी ऐकत नाही, म्हणून आतड्यात नेमकं काय घडतं ते सविस्तर लिहितोय.

मे 2011 मध्ये उत्तर जर्मनीत रक्ताच्या जुलाबांची साथ आली. जुलैपर्यंत 3,800 च्या आसपास लोक आजारी पडले. त्यातल्या 800 हून जास्त जणांना हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम झाला: तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात, किडनी बंद पडते. 50 हून जास्त माणसं गेली. आधी आळ आला स्पेनच्या काकड्यांवर. माग काढत गेल्यावर सापडली मोड आलेली मेथी, आणि तिचं बी इजिप्तहून आलेलं होतं.

जंतू होता ई. कोलाय, ओ104:एच4 जातीचा. आतड्याच्या अस्तरावर विटा रचल्यासारखं थर लावून चिकटायचं कसब त्याच्याकडे एका प्लाझ्मिडमुळे, म्हणजे जंतूच्या मुख्य डीएनएपासून वेगळ्या असलेल्या छोट्या गोल डीएनएमुळे, होतं. त्यात दोन गोष्टी बाहेरून आल्या. एका फाजने, म्हणजे जंतूंना लागण करणाऱ्या विषाणूने, किडनी बंद पाडणाऱ्या शिगा विषाचं जनुक आणलं. दुसऱ्या एका प्लाझ्मिडने सीटीएक्स-एम-15 हे एन्झाइम दिलं, जे सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रियाक्झोनसारखी अँटिबायोटिक औषधं तोडून टाकतं.

फाजचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण गोळीचा संबंध इथेच येतो. हा फाज जंतूच्या डीएनएत शिरून गप्प पडून राहतो; एक प्रोटीन त्याला दाबून ठेवतं. जंतूच्या डीएनएला इजा झाली की धोक्याची यंत्रणा जागी होते, ते दाबणारं प्रोटीन तुटतं आणि फाज स्वतःच्या शेकडो प्रती काढू लागतो. विषाचं जनुक फाजच्या याच शेवटच्या टप्प्यातल्या जनुकांच्या रांगेत बसलेलं असतं, त्यामुळे विषही त्याच वेळी भरमसाट तयार होतं. शेवटी जंतू फुटतो. विष आतड्यात पसरतं, आणि सुटलेले फाज शेजारच्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये शिरून त्यांनाही विषारी करू शकतात. आता पाहा: सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही औषधं जंतूला मारतात ती त्याचा डीएनए तोडूनच. जर्मनीतल्या या जंतूवर प्रयोगशाळेत सिप्रो टाकल्यावर विष वाढलं होतं. सगळ्याच अँटिबायोटिकनी असं होत नाही. म्हणून तर कोणतं औषध द्यायचं हे मेडिकलच्या काउंटरवर ठरू नये.

प्लाझ्मिडची तऱ्हा वेगळी. देणारा जंतू बारीक नळीसारखा धागा टाकून शेजाऱ्याला जवळ ओढतो. गोल प्लाझ्मिडचा एक पदर ठरलेल्या जागी कापला जातो, तेवढाच पलीकडे सरकतो, आणि दोघंही आपापला दुसरा पदर भरून काढतात. विरजण शेजारी दिलं म्हणून आपलं दही संपत नाही, तसंच. सीटीएक्स-एम प्रकारची जनुकं मुळात क्लुयव्हेरा नावाच्या साध्या जंतूची. उड्या मारणाऱ्या एका डीएनए तुकड्याने ती उचलून प्लाझ्मिडवर आणली. त्यातलं 15 नंबरचं पहिल्यांदा ओळखलं गेलं ते 1999 च्या दिल्लीतल्या नमुन्यांत.

एकाच प्लाझ्मिडवर पुष्कळदा चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं एकत्र असतात. तुम्ही त्यातलं एक औषध घेतलंत तरी अख्खा संच टिकतो. शिवाय बऱ्याच प्लाझ्मिडवर त्या जंतूलाच मारणारं एक विष आणि त्याचा उतारा अशी जोडी असते. पेशी विभागताना जिच्या वाट्याला प्लाझ्मिड येत नाही तिच्यातला उतारा आधी संपतो आणि ती मरते. औषध थांबवल्यावर आपोआप सगळं पूर्ववत होईल, हा भरवसा म्हणूनच धरू नका.

मग जुलाबात करायचं काय? ओआरएस. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने ढवळली तर मिठाचं प्रमाण बिघडतं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली, दहा वर्षांपर्यंत 100 ते 200, मोठ्यांना लागेल तेवढं. मुलांना डॉक्टरांना विचारून झिंक: सहा महिन्यांवर रोज 20 मिलिग्रॅम, त्याखाली 10. रक्त पडत असेल, लघवी कमी झाली असेल, ताप चढला असेल तर थेट डॉक्टर. आपल्याकडे रक्ती आव बहुतेकदा शिगेला नावाच्या जंतूची असते आणि तिथे अँटिबायोटिक लागतंच, पण कोणतं ते डॉक्टर ठरवतील; जमल्यास पहिल्या गोळीआधी शौचाचा नमुना द्या. आणि रक्त पडत असताना लोपेरामाइडने जुलाब कोंडू नका, विष आतच राहतं.

मोडांबद्दलही सांगतो. बियांच्या बारीक चिरांत जंतू बसलेले असतात, धुऊन सगळे जात नाहीत, आणि मोड यायला लागणारी ऊब, ओल त्यांनाही मानवते. उसळ शिजवून खुशाल खा. कच्चे मोड मात्र लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना देऊ नका. कोशिंबिरीत घालायचे तर आधी चांगली वाफ येऊ द्या. भिजवलेलं पाणी फेकून द्या, आणि मोड बांधायचं फडकं दर वेळी उकळून, उन्हात कडक वाळवून मगच पुन्हा वापरा.