'विसरून जा' म्हणणाऱ्या काकांना

काका, चारचौघांत झालेली चूक मनात घोळवत बसणाऱ्या मुलांना 'विसरून जा' म्हणण्याऐवजी संध्याकाळी वीस मिनिटं वही घेऊन बसवा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती, विसरून जा म्हटलं की मुलं विसरायची, तुमच्यासारख्या आयाच पोरांना बिघडवतात.' मतभेद असू देत हो, पण 'तुमच्यासारख्या आया' ही काय बोलायची पद्धत झाली? एका लेखावरून माझं आईपण मोजलंत?

एक मान्य. 'सगळ्याच मुलांना' असं मी लिहिलं ते सरसकट झालं, 'बऱ्याच' हवं होतं, दुरुस्त केलंय.

पण तुमच्या वेळीही मुलं विसरायची नाहीत, फक्त बोलायची नाहीत. सदाशिव पेठेतल्या वाड्यात हळदीकुंकवाला माझ्या हातून गुलाबदाणी सांडली, एक काकू 'वेंधळीच आहे' म्हणाल्या, तेव्हा मी आठवीत होते आणि आजही तो पितळी आवाज कानात आहे. घरी एका शब्दाने बोलले नाही.

आणि 'विसरून जा' मी पण म्हणून पाहिलंय, चांगलं वर्षभर! लेक नववीत असताना गॅदरिंगला निवेदन करताना पाहुण्यांचं आडनाव चुकली, हॉल हसला, झालं. मग रोज रात्री अकराला ओढणीचं टोक चावत, 'आई, सगळ्यांच्या लक्षात असेल ना गं?' मी म्हणायचे सोड, ती अजूनच धरून बसायची. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एका प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका सांगितलं तर अस्वल येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर जास्तच आलं, ते मी घरी रोज बघत होते.

म्हणून ती संध्याकाळची वीस मिनिटं आणि वही. एका बाजूला काय घडलं, दुसऱ्या बाजूला मला काय वाटलं. पहिल्या बाजूला तिने लिहिलं, 'आडनाव चुकलं, सॉरी म्हटलं, पुढे बोलले.' दुसऱ्या बाजूला दीड पान. स्वतःच वाचून गप्प बसली. मग विचारलं, तुझ्या आधी कोण बोललं, ते कुठे अडखळले? तिला आठवेना. ह्याला लाड म्हणता तुम्ही?

तुमच्या मोबाइल, एकत्र कुटुंब वगैरे मुद्द्यांत मी पडत नाही. समुपदेशकाचं म्हणाल तर मूल शाळेत जायलाच तयार नसेल तर न्यायलाच हवं, १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत नंबर पण आहे.

पुन्हा लिहा, पण 'तुमच्यासारख्या' गाळून लिहा, मग उत्तर नक्की देईन.