चिठ्ठीपेक्षा नकार महाग

भारतातून इंग्लंडला परत निघताना माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची दोन पाकिटं असायचीच. मावसभावाचं मेडिकल आहे. "असू दे, तिकडे डॉक्टर पटकन भेटत नाहीत," म्हणत तोच बांधून द्यायचा. चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही, मीही कधी दाखवली नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्यांना झोडपणाऱ्या लेखांत आणखी एकाची भर घालण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून सात साध्या दुखण्यांवर फार्मासिस्टच औषध देऊ शकतो. घसा, सायनस, बायकांचा लघवीचा संसर्ग वगैरे. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. गेल्या हिवाळ्यात घसा धरला तेव्हा लीड्समधल्या दुकानात मी खुशीत शिरलो: आलं की हे आपल्या वळणावर! फार्मासिस्टने आतल्या खोलीत बसवलं. चोवीस तासांत ताप आला का? किती दिवस झाले? खोकला, सर्दी? मग टॉर्च मारून घशात पू दिसतो का ते पाहिलं. या सगळ्याला गुण असतात, आणि गुण पुरेसे भरले तरच अँटिबायोटिक. मला खोकला होता, नाक वाहत होतं. गुण जेमतेम एक. पॅरासिटामॉल घ्या, आठवडाभरात उतरेल, नाही उतरलं किंवा गिळता येईना तर या. बाहेर पडताना मला त्या माणसाचा मनापासून राग आला. घसा पाच दिवसांत बरा झाला, राग त्यानंतरही होता.

आपल्याकडे वाद सुरू झाला की 'कडक कायदा हवा' इथे येऊन थांबतो. कायदा आहे. अँटिबायोटिक शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत, आहेतच. वर मार्च २०१४ पासून एच-वन ही त्याहून कडक यादी लागू झाली. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम अशी जोरकस अँटिबायोटिक किंवा टीबीची औषधं विकली की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या, सगळं रजिस्टरात लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. (माझं लाडकं अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या वेळच्या ४६ नावांत नव्हतं.) २०१६ मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम आली: रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. भावाला त्या रेघेबद्दल विचारलं. म्हणाला, "रेघ मला दिसते रे. पण मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. आणि चिठ्ठी आणायची म्हणजे त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, वर डॉक्टरची फी. मी नाही म्हणून काय मिळवू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लीड्सच्या फार्मासिस्टला सरकार तपासणीचे आणि सल्ल्याचे पैसे देतं, नुसत्या विकलेल्या डब्याचे नाही. माझा भाऊ मात्र पाकीट विकलं तरच कमावतो. शिवाय आपल्याकडे भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हेही सर्रास. त्या दुसऱ्याने घशात टॉर्च मारावी असं मला मुळीच वाटत नाही.

बरं, चिठ्ठी म्हणजे तरी काय? व्हायरल तापाला अँटिबायोटिक लिहिलेल्या चिठ्ठ्या मी घरात पाहिल्यात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून विनंती केली, की अँटिबायोटिक देताना कारणही लिहा. त्याच महिन्यात केरळने 'ऑपरेशन अमृत' काढून दुकानं तपासायला घेतली. तपासा, जरूर तपासा. जगात २०१९ मध्ये औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी (अँटिबायोटिक उगाच घेत राहिलं की ते असे निर्ढावतात) थेट घेतलेले बळी १२ लाख ७० हजारांच्या घरात होते. एच-वनच्या औषधांना सवलत नकोच. पण साध्या घशाच्या रुग्णाला 'नाही' म्हणायला कोणीतरी शिकलेला माणूस लागतो, आणि त्या 'नाही'चे पैसे कोणीतरी द्यावे लागतात. ही तजवीज न करता नुसते छापे घातले, तर भाव खाईल तो पाकीट मागच्या दाराने देणारा.

यंदा निघताना भावाने पाकिटं पुढे केली. मी नको म्हटलं. "इंग्रज झालास," तो हसला. तेवढ्यात कोणीतरी "घशाचं काहीतरी द्या" म्हणत आलं. त्याने त्यातलंच एक पाकीट उचललं आणि कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या.