बीगल घ्यायचाय? आधी सांगा, दुपारी घरी कोण असतं?

"ताई, लॅब्रेडॉर फार मोठा होतो, आम्हाला फ्लॅटमध्ये छोटा कुत्रा हवाय. बीगल घ्यावा असं चाललंय. तुमच्याकडे आहे ना, कसा असतो?" असा मेसेज मला वरचेवर येतो. बहुतेक वेळा आई-बाबा दोघं नोकरीला, मुलगा नाहीतर मुलगी सहावी-सातवीत, आणि कुठेतरी त्या लांब कानांचा, ओल्या डोळ्यांचा फोटो पाहून सगळं घर विरघळलेलं. आमच्याकडे चिंगी आहे आणि या जातीवर माझा अतोनात जीव आहे. म्हणूनच मी लगेच "घ्या, घ्या" म्हणत नाही. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा आज सगळं इथेच लिहिते.

माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच की आकार बघून बीगल घेऊ नका. तो दहा-बारा किलोचा असतो, सोफ्याच्या कोपऱ्यात मावतो, हे सगळं खरं. पण कुत्रा सांभाळायला सोपा की अवघड, हे तो किती जागा व्यापतो यावर ठरत नाही. त्याला कुठल्या कामासाठी घडवलंय, यावर ठरतं.

बीगल घडवला सशाच्या शिकारीसाठी. इंग्लंडमध्ये 1830च्या दशकात एसेक्स परगण्यात फिलिप हनीवूड नावाच्या पाद्र्याने बीगलांचा कळप बाळगला होता. आजच्या बीगलचं मूळ त्या कळपात आहे असं मानतात. या शिकारीत माणसं घोड्यावर नसत, कुत्र्यांमागे पायी धावत. म्हणून कुत्रा बुटका हवा, पण तासन्तास न थकणारा हवा. नाक जमिनीला लावून माग काढणारा हवा. आपल्यासारख्या दहा-वीस कुत्र्यांत भांडणं न करता राहणारा हवा. आणि माग लागला की दूरवरच्या माणसाला ऐकू जाईल असा ओरडणारा हवा. शेपटीचं पांढरं टोकसुद्धा उंच गवतातून दिसावं म्हणून जपलेलं. आता हा एकेक गुण तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत आणून बघा.

आवाजापासून सुरुवात करते, कारण सोसायटीतली भांडणं तिथूनच लागतात. बीगल भुंकतो, रडतो, आणि तिसरा एक आवाज काढतो: मान वर करून, गळ्यातून, लांबलचक हेल. मैदानात ऐकला तर अंगावर काटा येईल इतका सुंदर असतो. बंद दाराआड दुपारी दोन वाजता ऐकला तर शेजारच्या घरातलं झोपलेलं बाळ उठतं. शिवाय आपल्याकडे कुत्रं रडलं की अपशकुन मानणारी माणसं आजही आहेत. तिन्हीसांजेला चिंगीने सूर लावला की आमच्या जिन्यातल्या एक आजी खरोखर घाबरायच्या. त्यांना हसून चालत नाही. त्यांना घरी बोलावून, चिंगीला त्यांच्या हातून बिस्किटाचा तुकडा द्यायला लावून, हा रडण्याचा आवाज नसून तिचा हाक मारण्याचा आवाज आहे हे हळूहळू पटवावं लागलं.

कायदा आपल्या बाजूने आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. ते परिपत्रक जवळ ठेवा. पण त्याच्या जोरावर शेजाऱ्यांची झोप उडवू नका. कुत्रा एकसारखा ओरडतोय याचा अर्थ त्याला काहीतरी कमी पडतंय, आणि बीगलच्या बाबतीत बहुतेक वेळा कमी पडते ती सोबत.

म्हणून मी विचारते, दुपारी घरी कोण असतं? पिढ्यान्‌पिढ्या कळपात वाढवलेल्या प्राण्याला सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकट्याला कोंडणं मला क्रूर वाटतं. शब्द कडक आहे, पण मला तसंच म्हणायचंय. असा बीगल दाराची चौकट कुरतडतो, गादी फाडतो, नाहीतर रडत बसतो, आणि घरचे म्हणतात, "हा फार मस्तीखोर आहे." एकत्र कुटुंब असेल, कुणी घरून काम करत असेल, आजी-आजोबा घरात असतील, तर बीगलसारखा सोबती नाही. लहान मुलांशी तो मायेने वागतो, पाहुण्यांच्या पायात पायात करतो. राखणीला मात्र ठेवू नका, चोराचंही तो स्वागत करेल.

आजी-आजोबांवरून आठवलं. मुलं अमेरिकेत, इथे आई-बाबा एकटे, म्हणून मुलांनी सोबतीला पिल्लू आणून दिलं, अशी घरं पुण्यात मी बरीच पाहिली. भावना समजते. पण अकरा किलोचा कुत्रा मांजराच्या वासावर झेप घेतो तेव्हा सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा तोल जातो. अशा घरी रोजचं फिरवणं दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं पाहिजे, आणि ते पिल्लू येण्याआधी ठरलं पाहिजे. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून येणारा हार्नेस बरा, त्याने मानेवर ताण येत नाही.

आता नाक. अमेरिकेत लेकीकडे बाळंतपणाला जाणाऱ्या आयांना विमानतळावर सामानापाशी येणारा हिरव्या जाकिटातला छोटा कुत्रा ठाऊक असेल. तो बीगल. तिथल्या कृषी खात्याने 1984 साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्यांना कामाला लावलं. बॅगेतला आंबा, कढीपत्ता, मांसाचे पदार्थ ते वासाने ओळखतात आणि शांतपणे बॅगेपाशी बसतात. बीगलच का निवडला? नाक तेज, खाण्याचं वेड प्रचंड, आणि चेहरा असा की गर्दीत कुणी घाबरत नाही.

तेच नाक आणि तेच वेड तुमच्या घरात येणार आहे. वासामागे लागलेल्या बीगलला हाक ऐकू येत नाही असं वाटतं. खरं तर त्या क्षणी त्याच्यासाठी दुसरं काही उरलेलंच नसतं. त्यामुळे वेताळ टेकडीवर किंवा कुठल्याही उघड्या जागी त्याला मोकळा सोडू नका. मोराच्या मागे गेला तर मोरालाही त्रास आणि तुमचा कुत्राही हरवणार. दहा मीटरची लांब दोरी घ्या, तेवढ्यात तो मनसोक्त हिंडतो. दिवाळीत तर घराच्या सेफ्टी डोअरला आतून कडी हवीच. फटाक्याला घाबरून सुटलेला कुत्रा परतीची वाट चुकतो. पट्ट्यावर फोन नंबर आणि अंगात मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप), दोन्ही असू द्या.

फिरायला नेलं की त्याला हुंगू द्या. "चल, चल" करत ओढत एक किलोमीटर नेण्यापेक्षा एकाच गल्लीत अर्धा तास हुंगत फिरलेला बीगल घरी येऊन जास्त शांत झोपतो. हे मी कितीदा पाहिलंय. पावसामुळे बाहेर पडता आलं नाही तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या जेवणातलेच दाणे लपवून द्या. तेवढं शोधण्यात त्याची संध्याकाळ आनंदात जाते. दिवसाला तासभर चालणं आणि वर असं नाकाचं काम, एवढं जमणार नसेल तर दुसऱ्या जातीचा विचार करा.

खाण्याबद्दल मात्र सगळं घर एकमताचं पाहिजे. बीगलचं पोट भरलेलं कधी दिसतच नाही. तो प्रत्येकाकडे सकाळपासून उपाशी असल्यासारखा बघतो, आणि आजोबा पोळीचा तुकडा, बाबा अंडं, मुलगी चीज असं करत करत तो वर्षात लठ्ठ होतो. या जातीत पाठीच्या मणक्यातली चकती सरकण्याचा त्रास होतो, आणि वजन वाढलं की तो धोका आणखी वाढतो. मग मागचे पाय लुळे पडतात. बरगड्यांवरून हात फिरवा. सहज हाताला लागल्या पाहिजेत. जेवण मोजून द्या, आणि सरावाचा खाऊ त्या मापातूनच काढा.

आपल्या स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी त्याला विष आहेत. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, आणि त्यात येतात मनुका-बेदाणे, म्हणजे बेसनाचा लाडू आणि प्रसादाचा शिराही आला. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम तर अगदी थोडंसंही घातक. मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात कणसाचं बुरकुंड ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही गिळली की आतड्यात अडकतात आणि ऑपरेशन करावं लागतं. रस्त्यावर दाणे खाऊन फेकलेली बुरकुंडं जुलै-ऑगस्टमध्ये सगळीकडे पडलेली असतात. म्हणून पिल्लू असल्यापासून "सोड" शिकवा. ओरडून, तोंडात बोटं घालून शिकवाल तर तो पटकन गिळायला शिकेल. तोंडातलं सोडलं की त्याहून चांगलं काहीतरी मिळतं, हे त्याला कळलं पाहिजे. कचऱ्याच्या बादलीला घट्ट झाकण, आणि ओट्याच्या कडेला काही ठेवायचं नाही.

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. पावसाळ्यात हमखास बुरशी धरते. आठवड्यातून एकदा कान उलटा करून बघा, वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सतत मान झटकणं दिसलं तर डॉक्टर. कापसाच्या काड्या कानात घालू नका. गोचीड आमच्याकडचा मोठा शत्रू आहे, त्यातून येणारा टिक फीवर जीव घेऊ शकतो, तेव्हा गोचिडांचं औषध बाराही महिने वेळेवर. लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी आणि डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही. रेबीजबद्दल वेगळं सांगायला नको. केस आखूड असले तरी खूप गळतात.

पिल्लू घेताना घाई नको. 2017च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी बघायला मागा. आई दाखवा म्हणा, ती कुठे आणि कशी ठेवलीय ते डोळ्यांनी पाहा. आईला किंवा बापाला फिट येतात का, हे स्पष्ट विचारा, कारण अपस्मार या जातीत आढळतो. "हायवेला गाडी घेऊन या, तिथे पिल्लू देतो" म्हणणाऱ्याकडून कधीही घेऊ नका. तुम्ही त्या पिल्लाची सुटका करत नसता, पिंजऱ्यातल्या त्याच्या आईला पुढच्या वेतासाठी अडकवत असता.

आणि पिल्लूच हवं हा हट्ट का? जगभरच्या प्रयोगशाळांत कुत्र्यांवर चाचण्या होतात त्यात सर्वांत जास्त बीगल असतात, कारण तो सोशिक आहे, दुखलं तरी चावत नाही. हे लिहिताना आजही माझा घसा दाटतो. बंगळुरूच्या क्यूपा या प्राणी कल्याण संस्थेने असे किती तरी बीगल सोडवून त्यांना घरं मिळवून दिली. त्यांनी कधी जिना पाहिलेला नसतो, गवतावर पाय ठेवलेला नसतो. त्यांच्यासाठी फार धीर लागतो आणि तो सगळ्यांकडे असतोच असं नाही.

पण साधे घरगुती बीगलही भरपूर आहेत. दीड-दोन वर्षांचा झाला, आवाज फुटला, घरच्यांना वेळ पुरेना, की लोक त्याला देऊन टाकतात. पुण्या-मुंबईच्या दत्तक ग्रुपवर असे बीगल सतत दिसतात. वयात आलेल्या कुत्र्याचा आवाज, वजन, स्वभाव, सगळं आधीच समोर असतं. दोन-तीनदा जाऊन भेटा, त्याला घेऊन एक फेरी मारा, घरातल्या सगळ्यांना न्या. जमलं तर आधीच्या मालकाकडून लसीकरणाचं कार्ड आणि चिपचा नंबर घ्या, आणि तो काय, किती आणि कधी खातो ते लिहून आणा. पहिले काही दिवस तेच जेवण, त्याच वेळेला द्या. नवीन घरात एकदम खाणं बदललं की पोट बिघडतं.