गिरणीच्या जमिनीत आमचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावरून तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापूरची पोरं पुण्याला चाललीत आणि मी पडक्या गिरण्यांच्या भिंती कुरवाळत बसलोय, जमीन ज्याची तो विकेल नाहीतर बांधेल, तुम्हाआम्हाला काय करायचंय?

पोरं जातायत, त्यावर वाद नाही. भिंतींचा मात्र मला फारसा लळा नाही. जमिनीचा वापर आधी ठरवा आणि परवानगी नंतर द्या, एवढंच मी म्हटलं होतं.

‘जमीन ज्याची त्याची’ हा वाद आपल्या ‘जुन्या मिल’वरून, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीवरून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलाय. १९४९ मध्ये मिल बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. एक भागधारक न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी हरला. पुढे १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने सुनावलं की भरपाई न देता असा ताबा घेता येत नाही. तेव्हा मालकाचा हक्क आहेच. पण गिरणी बंद पडणं ही मालकाची घरगुती बाब नव्हे, एवढं त्या सरकारलाही कळत होतं. या जागांना आज जो भाव आलाय, तो भोवती वसलेल्या शहरामुळे. मग त्यात शहराचा वाटा नको?

‘परळ बघा’ असं तुम्हीच लिहिलंय. बघू. मुंबईत १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनंतर वाटणी सगळ्या जमिनीची राहिली नाही, फक्त बांधकाम नसलेल्या जागेची उरली. गिरणीच्या आवारात तशी जागा असणार तरी किती! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. सगळी मेख नियमाच्या एका ओळीत होती. आपल्याकडे अशी ओळ कोण वाचतं?

आता आपलं बघा. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी शहराबाहेर कुंभारीला ३० हजार घरांचं रे नगर उभं राहिलं. पहिल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. त्यासाठी झटलेले कामगार नेते नरसय्या आडम मास्तर, त्यांची चिकाटी मानलीच पाहिजे. पण शहराच्या पोटात गिरण्यांच्या जागा असताना कामगाराचं घर वेशीबाहेर का? ज्या कामगार बाईचं काम अजून गावातच आहे, तिच्या मजुरीतून रोजचं रिक्षाभाडं जातं.

पालिकेच्या ‘पडीक’ जागा विकून देणी फेडा, हाही तुमचा सल्ला. होम मैदान वर्षातले बरेच महिने पडीकच दिसतं की! जानेवारीत तिथे सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला की पाय ठेवायला जागा नसते. विकायचं एकदाच असतं. भाडेपट्ट्याने दिलं तर दरवर्षी पैसे येतात आणि जागाही हातात राहते.

‘मग तुम्ही काय बांधाल?’ असं विचारलंत. गणवेश शिवणाऱ्यांसाठी भाड्याचे गाळे, मागे कामगारांची घरं आणि चार झाडं. टॉवर बांधलात, तर त्यातला फ्लॅट घ्यायला आपली पोरं आधी पुण्यातच नोकरी करून येतील.